चुन्याच्या रेघेवर चार अंडी

“पाय उचलू नका... हाय तिथंच उभ्या ऱ्हा.”

सुकेशनी जागच्या जागी थिजली. आवाज पुरुषाचा, अनोळखी, शाळेच्या मैदानाच्या पार पलीकडून आलेला. साप असणार, दुसरं काय! मे महिन्यात दिवस मावळायला मुरमातून आणखी काय निघतं? तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

“आता डावा पाय मांगं. हळू... हं. आता पाहा खाली.”

तिनं पाहिलं. साप नव्हता. चपलेपासून वीतभर अंतरावर, मुरमाच्या खड्यांत, टोकं आत करून चार अंडी मांडलेली होती. रंग मातकट, वर काळे डाग, दाखवल्याशिवाय दिसूच नयेत अशी. पुढचं पाऊल नेमकं त्यांच्यावर पडलं असतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मघापासून एक टिटवी ऊर फुटेस्तोवर ओरडत होती, आणि हिला झालंय तरी काय, म्हणून सुकेशनी तिच्याकडेच पाहत चालली होती.

“टिटवीचे हायत,” तो म्हणाला. “आताच तिथून उठताना पाह्यली मी तिले. तुमाले साप वाटला, नाई?”

“मले काही नाई वाटलं.”

“मंग डोये कायले मिटले होते?”

समोरच्या व्हरांड्यात एक उंच पोरगा उभा होता. पाठीवरची बॅग अजून उतरवलेली नव्हती, तोंडाला दुपट्टा बांधलेला. दिसत होते ते फक्त डोळे, आणि ते सरळसरळ हसत होते. सुकेशनीला राग आला. राग यावा इतपत कोणाकडे तिनं तीन दिवसांत पाहिलंच नव्हतं.

कोरोनाचं ते वर्ष कोण विसरेल! सगळं जग कड्या लावून घरात बसलं होतं. सुकेशनी पुण्याकडे एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची. कंपनी बंद पडली, तशी दोन महिने चार पोरींबरोबर एका खोलीत कोंडून काढले. मग सरकारी गाडीनं कारंजापर्यंत, तिथून भाजीच्या टेम्पोत शेलूबाजार, आणि पुढं पायी गाव. वेशीतच गावानं सांगितलं, चौदा दिवस शाळेत. ज्या शाळेतून घंटा होताच ती धूम ठोकायची, त्याच शाळेच्या चौथीच्या वर्गात आता ती मुक्कामाला होती. आई फाटकावरून डबा द्यायची आणि पदरानं डोळे पुसत परत जायची. तीन दिवस सुकेशनी भिंतीवरच्या पालीशी बोलत होती. पाल बिचारी ऐकून घ्यायची, पण उलट काही बोलायची नाही.

हा उलट बोलणारा आला तो संघदीप. जऊळक्याचा. सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला होता. घरी एक खोली आणि माणसं सात, त्यात म्हातारा आजा. म्हणून घरी न जाता तो आत्याच्या, चंपाबाईच्या गावी आला होता. आत्यानं डबा द्यायचं कबूल केलं आणि गावानं सातवीचा वर्ग दिला.

दुसऱ्या दिवशी रुपाबाई, गावाच्या आरोग्याचं पाहणारी आशाताई, चुन्याचं घमेलं घेऊन आली. मैदानाच्या मधोमध तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढली. अलीकडचं सुकेशनीचं, पलीकडचं त्याचं. हातपंप रेघेवर, त्याच्या वेळा ठरवून दिलेल्या. कोणी कोणाच्या जवळ गेलं, तर दोघांचीही गिनती एकपासून सुरू, हे तिनं बोट नाचवून दोनदा बजावलं. एवढी कडक बाई, पण टिटवीनं डोक्यावर दोन झेपा टाकल्या तशी घमेलं सोडून पळाली. त्यामुळं अंड्यांपाशी हातभर जागेत रेघ ओढायची राहूनच गेली.

त्या हातभर जागेच्या अलीकडे-पलीकडे, वीस-वीस पावलांवर, दोघं बसू लागले. करायला दुसरं होतं काय? सकाळी निंबाखाली पडलेला मोहोर वेचायला खारी यायच्या. साळुंक्या वर्गाच्या काचेत स्वतःलाच पाहून भांडायच्या. संघदीप म्हणे, ती डावीकडची साळुंकी तुमच्यासारखी आहे, चूक स्वतःची आणि भांडण काचेशी. ती म्हणे, तुम्ही आपली बाजू पाहा. दोन दिवसांत ‘तुमी’चं ‘तू’ झालं. आधी कोण म्हणालं यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

पण खरी गंमत दुपारची. ऊन असं, की मुरमावर पाय ठरेना. त्या वेळी टिटवी हातपंपाच्या डबक्यात जाऊन बसायची, पोट चांगलं भिजवून घ्यायची आणि तुरुतुरु येऊन अंड्यांवर बसायची. ती दमली की नर जायचा, पोट भिजवून यायचा. हे सुकेशनीनं पहिल्यांदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या वेळेला ती दोन बादल्या जास्तीचं पाणी हापसून डबक्यात सोडू लागली. त्याच्या वेळेला तोही तेच करत होता. दोघांनी एकमेकांना सांगितलं मात्र नाही.

“ते तिकडं कायले वरडते, माहीत हाय का?” एकदा त्यानं विचारलं. टिटवी पार फाटकाजवळ जाऊन आकांत करत होती.

“कायले?”

“आपलं ध्यान तिकडं जावं म्हनून. टिटवी जिथं वरडते ना, तिथं अंडे नसते.”

हे म्हणताना तो टिटवीकडे पाहत नव्हता. सुकेशनीनं घाईघाईनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

टंचाईचे दिवस, शाळेची टाकी भरायला एक दिवसाआड सकाळी टँकर यायचा. दोघांनी आपापल्या बाजूनं अंड्यांभोवती दगड मांडले. चाकानं त्यातला एक दगड मुरमात दाबून टाकला, अंडी चार बोटांच्या अंतरानं वाचली. ड्रायव्हर म्हणाला, मागं घ्यायला दुसरी जागाच नाही. मग संघदीपनं तोड काढली. झेंड्याच्या ओट्याजवळ मुरमाचा ढिगारा होता, कंबरेएवढा. रोज थोडी थोडी सरकवत अंडी तिथं न्यायची, एकदम नेली तर टिटवीला सापडायची नाहीत.

“पन एकाच्यानं होत नाई,” तो गंभीरपणे म्हणाला. “चारी अंडे एकदम उचलाव लागते. दोन आधी उचलले, तं ते बाकीच्या दोनाईवर बसत नाई मंग.”

“हे कोनं सांगतलं?”

“आमच्या आज्यानं.”

आजा किती पाखरं जाणत होता देव जाणे! पण सुकेशनीनं पुढं विचारलं नाही. दिवस कलता कलता, राखणीला असलेला कोतवाल भिवाजी चहाला घरी गेला की, दोघं तोंडं बांधून त्या बिनरेघेच्या जागेवर यायचे. गुडघे टेकायचे. दोन अंडी त्यानं, दोन तिनं... उचलायची आणि चार हात पुढं नेऊन ठेवायची. पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांसाठी सुकेशनी सकाळपासून चारदा वेणी घालायची आणि सोडायची. चौथ्या दिवशी एकाच अंड्याखाली दोघांची बोटं आली. अंडं उन्हानं कोमट होतं... की बोटं, कळायला मार्ग नव्हता. कोणीच हात काढेना. शेवटी टिटवीनं त्याच्या डोक्यात टोच मारली, तेव्हा कुठं सुटका झाली.

सहाव्या दिवशी अंडी ढिगाऱ्यावर पोचली. टिटवी अर्धा तास रुसली, मग येऊन बसली. आणि काम संपलं. म्हणजे जवळ जायला कारणही संपलं. त्या संध्याकाळी सुकेशनी आपल्या पायरीवर, संघदीप त्याच्या पायरीवर, मधे चाळीस पावलं. हे अंतर आधीही एवढंच होतं, पण आधी ते कधी टोचलं नव्हतं.

इकडे वेगळंच झालं. भिवाजी म्हणजे गावाचं पंचांग. सकाळी फाटकातून त्याला टिटवी ढिगाऱ्यावर बसलेली दिसली, तसा तो जवळ जाऊन अंडी पाहून आला. टिटवीनं अंडी उंचावर घातली की त्या साली पाणी उदंड, सखल जागी घातली की बेताचं, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. त्यात टोकं खाली आणि अंडी चार, म्हणजे चारही महिने झड. दुपारपर्यंत गावभर झालं, औंदा मूग-उडीद पेरू नका, तोडणीच्या दिवसांत पाण्यात सडणार.

सुकेशनीला हे शाळेतल्या तिच्या तेराव्या दिवशी बापाच्या तोंडून कळलं. धनराज फाटकापाशी मोठ्या खुशीत उभा होता. मुगाचं बियाणं त्यानं उद्या शेलूबाजारला परत करायचं ठरवलं होतं, सगळं रान सोयाबीनखाली. आणि दुसरी बातमी. कंपनी सुरू होत होती. सोमवारी शेलूबाजारवरून पोरींना न्यायला गाडी येणार होती. उद्या सुटली की दोन दिवस घरी राहून तिनं जायचं.

तिला धास्ती बसली. मुगाची होती की सोमवारची, तिचं तिलाच कळेना.

संध्याकाळी ती बोलत सुटली. हातपंपाचा वायसर गेलाय, सांगून ठेव. खारीला भाकरीपेक्षा शेंगदाणे आवडतात. डबकं कोरडं पडू देऊ नको. पुण्यात खोलीला खिडकी नाही. असं सगळं बोलली, तेवढं एक सोडून. संघदीप ऐकत होता. आज त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

“मुगाचं काय करावं?” शेवटी तिनं विचारलं.

“मी सांगतो उद्या, तू सुटल्यावर. म्हनतो, मी एकट्यानंच सरकवले. तुह्यी गिनती नाई मोडत, सोमवारची गाडी नाई जात.”

तो मन लावून तिची वाट मोकळी करून देत होता, आणि तिला नेमकं तेच सहन होत नव्हतं. याला एकदा तरी थांब म्हणता येत नाही? जा म्हणतोय... आणि म्हणतोय तेही किती मायेनं. ती उठून वर्गात गेली आणि पालीकडे पाठ करून रडली.

चौदाव्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर आई-बाप, भिवाजी, चंपाबाई आणि दोन-चार शेजारणी जमल्या. रुपाबाईनं सुकेशनीच्या कपाळासमोर यंत्र धरलं, वहीत लिहिलं आणि सगळ्यांना विचारायची तेच विचारलं. ताप? नाही. खोकला? नाही.

“कोनाच्या जवळ गेलती का?” विचारता विचारता रुपाबाईनं ‘नाही’ लिहायला पेन टेकवलाही होता.

मैदानात टिटवी अंड्यांवरून उठली आणि पार हातपंपाकडे जाऊन ओरडू लागली. सगळ्या माना तिकडं वळल्या. सुकेशनीची वळली नाही.

“गेलती,” ती म्हणाली.

पेन थांबला.

“सा दिवस गेलती. संघदीपच्या. अंडे टिटवीनं ढिगाऱ्यावर नाई घातले, बाबा. आमी सरकवले. खालच्यानं वर... हातानं.”

भिवाजीचं तोंड उघडं ते उघडंच. धनराजनं आधी ढिगाऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि मग बराच वेळ व्हरांड्यातल्या त्या उंच पोराकडे. संघदीप उठून उभा राहिला होता. त्यानं दुपट्टा नीट केला आणि मान खाली घातली. चंपाबाई पदराआड हसली.

“सा दिवस कायले लागले वं?” आईनं हळूच विचारलं.

रुपाबाई तेवढी भडकली. तिनं वहीतलं खोडलं, दोघांची गिनती आजपासून एक, सोमवारची गाडी विसर, म्हणून सुनावलं आणि चुना आणायला निघून गेली. भिवाजी मात्र अजून हिशेब लावत होता.

“पह्यले कुठं होते?” त्यानं विचारलं.

“रेघीवर. खाली.”

“मंग पानी बेताचंच.” त्यानं काठी टेकली. “धनराज, मूग ठेव बापा.”

दुपारी मैदान पुन्हा दोघांचंच झालं. कंपनीनं कदाचित दुसरी पोरगी घेतली असती, कदाचित नसती. सुकेशनीला भीती वाटत होती आणि तिचा चेहरा मात्र काही केल्या हसायचा थांबत नव्हता. संघदीप वीस पावलं चालून आला आणि रेघेच्या त्याच्या बाजूला, नियमाइतकं अंतर ठेवून, उन्हातच उभा राहिला.

“सुकेशनी.”

“काय?”

“आज तू अंड्यावरच वरडली.”

तिनं मान वर केली नाही. पायाच्या अंगठ्यानं मुरमात काहीतरी रेखत राहिली.

“मले तू पाह्यजे,” तो म्हणाला. “काल म्हनाव वाटलं होतं. जीभ रेटली नाई... आनखीन एक सांगाचं हाय. ते चारी अंडे एकदम उचलाव लागते, ते मी मनानंच सांगतलं होतं. आज्याले पाखरातलं काही समजत नाई.”

“मले माहीत होतं.”

“कधीपासून?”

“पह्यल्या दिवशीपासून,” ती म्हणाली, आणि आता कुठं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

डबक्यात पोट भिजवून टिटवी तुरुतुरु दोघांच्या मधून गेली आणि ढिगाऱ्यावर चढली. रुपाबाईनं सकाळी ओढलेली नवी रेघ पांढरीशुभ्र होती, या वेळी कुठंही न तुटलेली. आणि चौदा दिवस अख्खे शिल्लक होते.