वीस मिलिमीटर खाली

मी लिफ्ट तपासतो. गेली चोवीस वर्षं हेच काम. लोक लिफ्टमध्ये शिरले की आरशात केस बघतात, मी उंबऱ्याकडे बघतो. कॅबिन मजल्याच्या किती वर थांबली, किती खाली, ते माझ्या तळपायाला कळतं. पाच-सात मिलिमीटरचा फरक चालून जातो. त्यापुढे माणूस अडखळतो, आणि अडखळल्यावर आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

बायको ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करते. सुटी झालेली पानं शिवायची, फाटलेला कणा चिकटवायचा, पुठ्ठा बदलायचा. बरंचसं काम उभ्यानं. गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा बदलावा लागला. चार महिने व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी येऊन तिला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवत होत्या. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता काठी कोपऱ्यात ठेवा आणि कुठेतरी छान फिरून या."

बायकोनं ते फारच मनावर घेतलं.

"आपण जाऊ या," त्याच संध्याकाळी ती म्हणाली. "तीन रात्री. ग्रंथालय पुस्तकमोजणीसाठी दहा दिवस बंद आहे. तू रजा टाक."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. युरोपातली ती राजधानी, जिच्या नदीवरचे पूल बिस्किटांच्या डब्यांवर छापतात. लग्न झाल्यापासून आमचं जायचं जायचं चाललं होतं. लेक जन्मली, शिकली, नोकरीसाठी परगावी गेली. आमचं जाणं तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मी रंगीत पेन्सिली घेऊन बसलो. पायऱ्या असतील तिथे लाल ठिपका, बसायला बाक असेल तिथे निळा. संग्रहालयाला मागच्या बाजूनं उतरण असलेलं दार होतं, ते शोधून काढलं. घुमटावर जायला तीनशे पायऱ्या, म्हणून घुमट खालूनच बघायचा असं लिहिलं. बायको बराच वेळ माझा उद्योग बघत होती.

"सहल आखतोयस की मला कुठून चढवायचं, कुठून उतरवायचं ते ठरवतोयस? मी काय कपाट आहे?"

"कपाटाला गुडघे नसतात," मी म्हणालो.

हॉटेल तिनं निवडलं. एका चढणीच्या गल्लीतली चिंचोळी, पाच मजली, जुनी इमारत. खिडक्यांना हिरवी लाकडी झडपं. चौथ्या मजल्यावरच्या खोलीला वीतभर गॅलरी, आणि तिथून दोन छपरांच्या फटीतून नदीची एक पट्टी दिसायची. त्या पट्टीवर ती खूश होती. सोयींच्या यादीत "लिफ्ट" एवढा एकच शब्द होता. एवढ्यावर मी कुणालाच चौथ्या मजल्यावर पाठवत नाही. शनिवारी सकाळी मी हॉटेलला फोन लावला.

एका वयस्कर बाईनं उचलला. दोघांचीही इंग्रजी कामापुरती, त्यातल्या त्यात तिची बरी. मी नाव सांगितलं, तारखा सांगितल्या आणि लिफ्ट कशी आहे ते विचारलं.

"आहे तशीच आहे," ती म्हणाली. "चौथ्या मजल्यावर अजून खालीच थांबते. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला."

"अजून म्हणजे?"

"तुम्ही सांगून गेलात तेव्हापासून."

मी हसलो. तिला म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, आम्ही पहिल्यांदाच येतोय. मग ती "बरं बरं" म्हणाली, आपण ज्येष्ठ माणसाशी वाद टाळताना म्हणतो तसं. वास्तविक ती माझ्याहून मोठी असावी. बायकोच्या गुडघ्याचं कारण सांगून मी लिफ्टचे फोटो मागितले. तासाभरात चार आले.

कॅबिन लहान, आतून लाकडी, ओढून लावायचं जाळीचं दार. तीन माणसांची, पण तिसरा सडपातळ हवा. अशा लिफ्ट आता बघायला मिळत नाहीत, त्यामुळे मी फोटो मोठे करून मजेत बघत होतो. बटणांच्या वर एका चौकटीत तपासणीचं कार्ड होतं. तारीख, शेरा, सही असे तीन रकाने. वर्षाला एक ओळ. आठ ओळी भरलेल्या, नववी कोरी.

आठही सह्या माझ्या होत्या.

माझी सही कुणी सहज करेल अशी नाही. शेवटचं अक्षर मी मागे वळवून आडनावाखालून नेतो आणि त्याच्याखाली दोन टिंबं देतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी लावलेली सवय. एक टिंब दोराचं, एक ब्रेकचं. दोन्ही स्वतः बघितल्याशिवाय द्यायची नाहीत. शेरेसुद्धा माझ्याच अक्षरात होते, आणि मराठीत. आठपैकी सात ओळींत एकच मजकूर: "४ था मजला – २० मिमी खाली." तिथे ते कुणाला वाचता येणार होतं, कोण जाणे. पहिल्या वर्षीच्या ओळीत फक्त "ठीक" होतं.

तारखाही बघितल्या. दरवर्षी एकच तारीख. आमच्या सहलीचा दुसरा दिवस.

मी घाबरलो, असं म्हणणार नाही. मी कामाला लागलो. माझ्या कामाच्या डायऱ्या वर्षवार लावलेल्या असतात. आठही काढल्या. त्या आठही दिवशी मी इथेच, आमच्या शहरात होतो. कुठल्या इमारती तपासल्या ते लिहिलेलं होतं, प्रत्येक नोंदीखाली तिथल्या रखवालदाराची सही होती. एका वर्षी तर त्या दिवशी माझी अक्कलदाढ काढली होती. दवाखान्याची चिठ्ठी पानातच होती.

दुपारी मी फोटो बायकोला दाखवला. म्हटलं, कुणीतरी नक्कल केलीय. तिनं भिंग आणलं. फाटक्या कागदांचे धागे बघायला ती वापरते ते.

"नक्कल नाही ही," ती शांतपणे म्हणाली. "नक्कल करणारा जपून काढतो. वळणावर थांबतो, तिथे शाई जाड होते. ही घाईत केलेली आहे. तू करतोस तशी, एक पाय दाराबाहेर ठेवून."

"मी तिथे गेलेलो नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू गेला असतास तर मी सोडलं असतं का तुला एकट्याला?"

आम्ही दोघंही हसलो. नकाशा मात्र त्या दिवशी पुढे सरकला नाही.

सोमवारी कामावरून निघण्याआधी, एका इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीतून मी पुन्हा फोन लावला. तीच बाई. मी सरळ विचारलं, "तुमची लिफ्ट कोण तपासतं?"

"तुम्ही," ती म्हणाली. या वेळी ती बुजली नाही. "दरवर्षी. कुलूप बघताना शीळ घालता."

मी घालतो. माझ्या लक्षात येत नाही, पण बायको सांगते.

"एकटाच येतो का तो?"

"तुम्ही आणि बाई. बाई खाली माझ्याजवळ खुर्चीत बसतात. पहिल्या वर्षी जिन्यानं भराभरा वर गेल्या होत्या. मग पाय धरला. मग काठी आली. फार गोड बोलतात."

यंत्रखोलीतलं लिफ्टचं यंत्र सुरू झालं. दोर चाकावरून सरकू लागला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गेल्या वर्षी मात्र तुम्ही एकटेच आलात," ती म्हणाली. "मी विचारलं, बाई कुठे? तुम्ही म्हणालात, ती घरी आहे."

"आणखी काय म्हणालो?"

"म्हणालात, काळजी नाही. तिच्याजवळ कुणीतरी आहे."

दोर थांबला. खालच्या कुठल्याशा मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला.

मी तिथूनच खोली रद्द केली. ती बाई नाराज झाली नाही. "ठीक आहे," म्हणाली, "तुमची खोली राहू दे तशीच." मी पुन्हा रद्द म्हटलं. तिनं पुन्हा ठीक आहे म्हटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं की ती लिफ्ट धोक्याची आहे, तुझ्या गुडघ्याला नको.

"मग दुसरं हॉटेल बघ."

"या वर्षी नकोच. पुढच्या वर्षी बघू."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "काय सांगत नाहीयेस मला?"

सव्वीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मी सगळं सांगितलं. शीळ, खुर्ची, काठी, गेल्या वर्षी एकटाच. तिच्याजवळ कुणीतरी आहे, हे शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. जिभेवर आलं होतं.

ती वाद घालत बसली नाही. नकाशाची घडी घातली, घडीवरून नखानं रेघ ओढली आणि कपाटात ठेवला. मला वाईट वाटलं. त्या नदीच्या पट्टीवर तिचा फार जीव होता.

ठरलेला आठवडा आला. मंजूर झालेली रजा मी घेऊनच टाकली. विमान आमच्याशिवाय गेलं. पहिला दिवस आम्ही पडदे धुण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या तारखेला, सकाळी तलावाकडे फिरायला गेलो. ऊन कोवळं होतं. वरच्या बाकापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. बायको काठीशिवाय चढली, वर जाऊन मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मला एकदम हलकं वाटलं. एका फोटोपायी आणि एका म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यापायी मी हिची सहल बुडवली, असंही वाटलं. बाकावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं की घरी गेल्यावर दुसरं हॉटेल शोधायचं. तिला सांगितलंही.

"बघ हं," ती म्हणाली. "शब्द दिलास."

दुपारी जेवलो, पडलो. चारच्या सुमारास मी न्हाणीघरातल्या गळक्या नळाचा वायसर बदलत होतो. बाहेर फोन वाजला. बायकोनं घेतला.

"हो," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "हो, बोल."

तिचा धाकटा भाऊ कामानिमित्त सतत फिरतीवर असतो. त्याचाच असणार, असं मला वाटलं. मी पान्यानं नळ आवळत राहिलो.

"कधी पोचलास?... आणि जेवलास का?... नाही, आता बराच बरा आहे. आज अकरा पायऱ्या चढले. हो, खरंच."

ती हसली. मग तिचा आवाज खाली गेला.

"हो. इथेच आहे."

मी पाना थांबवला.

"आत. काहीतरी दुरुस्त करतोय." मग, "नाही रे. मला काही त्रास नाही. चांगला वागतो."

नळातून एक थेंब पडला. मग दुसरा.

"बरं," ती म्हणाली. "सावकाश ये."

मी हात पुसत बाहेर आलो. ती टेबलाशी उभी होती. फोन तिनं उताणा ठेवला होता. पडद्यावर त्या हॉटेलचा नंबर अजून उजळलेला होता.

"कोण होतं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता, भीती नव्हती. ग्रंथालयात एखादा अनोळखी वाचक आला, तर त्याला काय हवंय याचा अंदाज घेत ती जशी बघते, तशी बघत होती. मग तिनं पुढे येऊन टेबलाजवळची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

"बसा ना," ती म्हणाली. "तो परवा पोचतोय. तोपर्यंत तुम्ही थांबाल ना?"