काचेला चिकटलेलं जहाज

आधी दारातून एक जहाज आत आलं, मग त्याखालून दोन पाय. चित्राची चौकट एवढी मोठी, की आणणाऱ्याचं तोंडच दिसेना. तो थेट दुकानातल्या फ्रेमवालीच्या टेबलावर येऊन आदळला.

"सॉरी... लागलं का?"

"मला नाही. जहाजाला विचारा," फ्रेमवाली म्हणाली.

चौकटीवरून दोन घाबरे डोळे डोकावले आणि हसले.

जुनं छापील चित्र होतं. आरमाराचं तीन डोलकाठ्यांचं जहाज बंदरात शिरतंय, खलाशी शिडं उतरवताहेत, धक्क्यावरची माणसं टोप्या हलवताहेत. पण ओल लागून कागद काचेला घट्ट चिकटला होता.

"बाबांनी आईला दिलेली पहिली भेट. बाबा आता नाहीत... हे फाटलं तर आईला काय तोंड दाखवू?"

"घाई केली तरच फाटेल."

मग घाई करायची नाही म्हणून तो रोज येऊ लागला! भूगोलाचा मास्तर, शाळा सुटली की हजर. ती मागून ओलसर टिपकागद ठेवायची, बोथट पातं हळूच आत सरकवायची. तो स्टुलावर बसून तिला हसवायचा.

"हसवू नका हो, हात हलतो!"

पण बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला, की तो एकदम गप्प होई. "निघतो," म्हणे आणि चालू लागे. आपलं काही चुकलं का... तिच्या जिवाला उगाच घोर लागे.

शेवटी फक्त निशाणाचं टोक उरलं. दोघांनी श्वास रोखला. पातं सरकलं आणि कागद अलगद सुटला. अख्खा!

"सुटलं!" त्यानं आनंदानं तिचा हात धरला – आणि चटका बसावा तसा सोडला. बाहेर हॉर्न वाजत होता.

"जा... तुमचे मिस्टर खोळंबलेत."

"मिस्टर?" ती हसता हसता खालीच बसली. "अहो, सख्खा भाऊ आहे तो माझा! मला घेतल्याशिवाय वहिनी त्याला घरात घेत नाही."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बरं झालं... म्हणजे – फारच बरं झालं!" छातीवरचा धोंडा उतरावा तसा त्यानं श्वास सोडला. "मग... उद्या आलो तर चालेल?"

"आता काय घेऊन येणार?"

"काहीच नाही. तुम्ही मला आवडता... तेवढंच सांगायला."

"त्याला उद्या कशाला हवा?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापलेल्या, पण जीव कसा पिसासारखा हलका! तिनं दाराशी जाऊन हाक दिली, "दादा, तू हो पुढे. मला सोडायला आहे कुणीतरी."