लेप वाळेपर्यंत हसायचं नाही

"बाई, जुना झालेला माणूस नवा करून मिळतो का हितं?"

मी मान वर केली. आष्टीच्या बाजारात चिंचेखाली मी उटणी, तेलं आणि लेप विकायला बसायची. गिऱ्हाईक म्हणजे बायका. पुरुष आलेच तर "घरच्यांसाठी पायजे" म्हणत इकडंतिकडं बघायचे. हा मात्र सरळ समोर उकिडवा बसला आणि स्वतःच्या डोळ्यांकडं बोट दाखवलं. दोन्ही कडांना सुरकुत्यांचं जाळं होतं.

"गाडीवान का?"

"कशावरनं वळखलं?"

"उन्हात डोळे बारीक करून करून पडल्यात त्या. दुसरं काय!"

नाव राधाकिशन. कापसाच्या गाड्या घेऊन नगरला जायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आता तलवाड्याच्या एका विधवेशी पाट लावायचं घाटत होतं. पण तिचा भाऊ याला बघून गेला आणि म्हणाला, "नवरदेव लई उतरलाय." दिवाळी झाली की ती बाई स्वतः येऊन बघणार होती.

"तवर ह्ये पुसून निघंल?"

"पुसून न्हाई निघत, फिकं पडतं. पन दर बाजारी यावं लागंल."

माझ्या हाताचा गुण पाटोद्यापर्यंत ठाऊक होता. फुशारकी म्हणून सांगत नाही... म्हणजे फुशारकीच आहे, पण खरी आहे. मीही विधवाच. पहिल्या लग्नात मला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारण्याएवढी मी मोठीच नव्हते. त्यानंतर पोट मात्र मी या हातांवरच भरलं.

बोटाच्या टोकावर बदामाचं तेल घेऊन डोळ्याच्या कडेनं अगदी हलकं फिरवायचं. मग उकळलेल्या जवसाचा चिकट रस आणि कोरफडीचा गर यांचा लेप. तो वाळताना कातडी ताणून धरतो. अट एकच — लेप वाळेपर्यंत हसायचं नाही.

आणि या माणसाला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

"हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई मला हुंगाया लागला," तो डोळे मिटून सांगायचा. "म्हनला, अत्तर कुठं लपवलंय? म्या म्हनलं, साहेब, आष्टीच्या बाईचा हात लागलाय... आता त्याची बी जकात घेता?"

आणि स्वतःच खदखदून हसायचा. लेपाला भेगा पडायच्या.

"मुद्दाम हसता तुमी!"

"मंग? पुन्यांदा लेप लावाया लागतो की..."

माझे कान तापायचे. मी उगाच बरणीचं झाकण घट्ट करत बसायची.

तरीही गुण आलाच. थंडी पडू लागली तसं जाळं विरळ झालं. तेव्हा मला नीट कळलं, मी काय करून बसलेय ते. सुरकुत्या राहिल्या तर माझ्या हाताचं नाव जाणार होतं, आणि गेल्या तर हा माणूस. एकदा मनात आलं, जवस थोडा पातळ करावा... पण नाही केला. तलवाड्याच्या बाईला फसवून मला काही नको होतं.

तलवाड्याची बाई यायच्या आधीच्या शेवटच्या बाजारी त्याला लेप लावला. त्यानं डोळे मिटले. नाका नाही, शिपाई नाही. लेप एकसारखा वाळत होता, आणि मला ते बघवेना.

"हसा की वो," मी म्हणाले.

"तुमीच तर न्हाई म्हनता."

"आज हसा."

"कावून?"

"कावून म्हंजे... त्या सुरकुत्या मला पयल्या दिवशीच आवडल्या हुत्या. तुमी आवडला हुता. अन् मी येडी बसले त्याच पुसत!"

त्यानं डोळे उघडले.

"म्या बी म्हनूनच हसत हुतो," तो हळूच म्हणाला. "लवकर गुन येऊ ने म्हनून. पन... तलवाड्याची बाई?"

"आजच सांगावा धाडा. खरं ते सांगा. तिला हेलपाटा कावून?"

"अन् तुमचा भाऊ?"

रामहरी, माझा भाऊ, पलीकडं बैलबाजारात दावं धरून उभा होता.

"पाटाला बाईचा होकार लागतो. त्यो मी दिला. भावाला निस्तं कळवायचंय."

तो तडक उठला.

"अवो, आदी तोंड तर धुवा!"

"धुईपोतर धीर जाईल, छबूबाई!"

आणि निघाला की! लेपानं पांढरट तोंड, डोक्याला लाल मुंडासं... बायका वाट सोडत होत्या, बैल बुजत होते. रामहरीसमोर जाऊन त्यानं हात जोडले, काहीतरी बोलला. रामहरी दोन पावलं मागं सरकला. आधी त्या तोंडाकडं बघितलं, मग लांबून माझ्याकडं. अख्खा बैलबाजार माझ्याकडं वळला.

मी मान खाली घातली नाही. उभी राहिले, हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं,

"ह्योच!"