नाव घातलेला डबा

आखातातल्या करामा वस्तीत आत्माराम पेडणेकरांच्या घरी चहा आला होता, पण पीत कोणीच नव्हतं. अपवाद सदानंदरावांचा. जन्मभर हिशेबनीस असलेल्या या गृहस्थांना फुकटचा चहा गार होऊ देणं पाप वाटे.

टेबलावर तपासणी अधिकाऱ्यांनी दिलेला फोटो होता. एका खोक्यात चिवड्याची आणि चकल्यांची अशा दोन प्लास्टिकच्या बरण्या, आणि त्यांच्या शेजारी स्टीलचा डबा. डब्यात वर बेसनाचे लाडू, खाली नाण्याएवढे धातूचे तुकडे. डब्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं नाव, संध्या.

"डबा माझाच आहे," आत्मारामांच्या पत्नी संध्याबाई म्हणाल्या. "पण मी लाडूही प्लास्टिकच्या बरणीतच भरले होते हो."

आत्मारामांचा धंदा फराळ परदेशी पाठवण्याचा. काउंटर करामात, गोदाम अल क्वोजला. दिवाळीचं पहिलं खोकं दरवर्षी लेकीचं, अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या पर्णिकाचं. यंदा ते विमानात चढायच्या आधीच अडकलं. त्यातला एकेक तुकडा साध्या पिस्तुलाला जोडला, की एकदा चाप ओढून मशिनगनसारख्या गोळ्या सुटतात. नवराबायकोचे पासपोर्ट जमा झाले होते. उद्या संध्याबाईंना पुन्हा बोलावलं होतं, आणि या खेपेला त्या घरी येतील असं वकीलही छातीठोकपणे सांगत नव्हता.

म्हणून आत्मारामांनी छायाताईंना बोलावलं. त्या मालवाहतुकीच्या विम्याच्या चौकशा खाजगीरीत्या करत. सोबत यजमान सदानंदराव, म्हणजे पिशवी धरायला.

वकिलाचं म्हणणं, पिस्तूल सापडलेलंच नाही, तेव्हा तुकडा म्हणजे नुसतं लोखंड. फोनवरून पर्णिकाने ते निकालात काढलं. "बाबा, दॅट वोन्ट वर्क. तुमच्याकडे शस्त्राचा भागही शस्त्रच. इथे अमेरिकेत तर नुसता तुकडा जवळ असला तरी मशिनगन धरतात. आमच्या क्लासमध्ये भांडण वेगळंच आहे. कोणी म्हणतं, ज्या कंपनीचं पिस्तूल इतक्या सहज बदलतं तिला धरा. कोणी म्हणतं, गुन्हेगाराला सोडून कंपनीला का? आणि आता लोक हे घरी प्रिंटरवर बनवतात, मग धरणार कोणाला?" मग तिचा आवाज खाली आला. "आई, पार्सल माझ्या नावावर आहे गं."

छायाताईंनी विचारलं, घरातले डबे बाहेर जातात का?

जात होते. गणपतीला दुकानातल्या तिघांना डब्यातून प्रसाद दिला होता. नबिला आणि अर्सलान यांनी डबे अजून दिलेले नाहीत. सुजीतने मात्र मागच्याच आठवड्यात आणून दिला, आणि तोही साखर घालून. "रिकामा डबा परत देऊ नये हे हल्लीच्या पोरांना कुठे कळतं?" संध्याबाई म्हणाल्या.

सदानंदरावांनी मनातल्या मनात सुजीतला जमेच्या बाजूला टाकलं.

"त्यातलीच साखर द्या मला जरा," छायाताई म्हणाल्या. सदानंदराव चमकले, कारण ही बाई वीस वर्षं बिनसाखरेचा चहा पिते. डबा आला. छायाताईंनी तो हातात फिरवला, खाली ठेवला आणि बोटाला लागलेला चिकटपणा रुमालाला पुसला. साखर चहात घातलीच नाही.

दुकानात नबिला काउंटर सांभाळत होती. खोक्यावर टेप तिनेच मारली होती. तीन प्लास्टिकच्या बरण्या होत्या, स्टील नव्हतंच, असं ती शपथेवर सांगत होती. स्टीलला वजन फार, किलोला चाळीस दिरहम पडतात. म्हणजे जवळजवळ हजार रुपये, हा हिशेब सदानंदरावांनी न विचारताच जाहीर केला. तिच्या कोपराशी संध्याबाईंचा डबा होता, नावासकट, आणि त्यात टेपची रिळं.

"देनेवाली थी, मॅम," ती ओशाळली. "लेकिन रोल इतना बराबर बैठता है."

अल क्वोजच्या गोदामात ड्रायव्हर अर्सलान डबा मांडीवर घेऊन डाळ-भात जेवत होता. मूळचा पेशावरचा, त्यामुळे हत्यार म्हटल्यावर सगळ्यांची बोटं त्याच्याकडेच वळलेली. डब्यावरचं नाव बघून सदानंदरावांनी भुवई उंचावली, तशी त्याने मान हलवली. "क्या बताऊं साहब. सब पूछते हैं, ये संध्या कौन है."

खोकी गोदामात पुन्हा वजन करून पट्ट्यांनी आवळली जात. ते काम सुजीतचं. म्हणजे खोकं उघडायची सोय तिघांनाही होती. सुजीतने छायाताईंना वाकून नमस्कार केला आणि खुर्ची फडक्याने पुसून दिली.

"मावशी, काकूंना उगाच त्रास चाललाय," तो म्हणाला. "पिस्तूल आहे कुठे? उद्या स्क्रूलाही शस्त्र म्हणतील. कायदाच चुकतोय."

सदानंदरावांना हा युक्तिवाद नीटनेटका वाटला. छायाताईंना नाही. "पिस्तूल ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला तुकडाच तर हवा असतो, बाळ."

गाडीत सदानंदरावांनी आपला ताळेबंद मांडला. नबिला वेंधळी, सुजीत संस्कारी, उरला अर्सलान.

"अहो, बेरीज बरोबर आहे," छायाताई म्हणाल्या. "रकमा उलट्या बाजूला मांडल्यात, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे करामाच्या काउंटरपाशी जमले. तपासणी अधिकारी हिबाबाई शांतपणे एका बाजूला उभ्या होत्या. छायाताईंनी त्यांना आदल्या संध्याकाळीच काहीतरी सांगितलं होतं. काउंटरवर तीन डबे होते, टेपचा, डाळीचा आणि साखरेचा.

"खोक्यात सापडलेला डबा संध्याबाईंच्या घरचा," छायाताईंनी सुरुवात केली. "बाहेर गेलेले डबे तीनच. नबिलाचा डबा इथे आहे, अर्सलानचाही इथे आहे. दोघांनी परत केले नाहीत, म्हणून दोघं सुटले."

"परत तर मी केला," सुजीत हसला.

"संध्याबाई, चष्मा राहू द्या. साखरेच्या डब्यावरून नुसता हात फिरवा."

संध्याबाईंनी हात फिरवला. पुन्हा एकदा, सावकाश. "नाव नाही."

"बुडाला दुकानाच्या लेबलचा गोंद मात्र आहे. काल माझ्या बोटाला लागला."

"काकू, तुमच्याकडे एवढे डबे. एखाद्यावर राहिलं असेल नाव घालायचं."

"आईने माझ्या लग्नात भांडीवाल्यासमोर बसून एकेकावर घालून घेतलंय," संध्याबाई म्हणाल्या. "चमचासुद्धा सुटलेला नाही, सुजीत."

मग छायाताईंनी सगळं सलग सांगितलं. प्लास्टिकमधले तुकडे एक्स-रे यंत्रात लगेच दिसले असते, स्टीलच्या आड ते कमी दिसतील असा सुजीतचा अंदाज. शिवाय डबा नावाचा. उघडलाच कोणी, तर पाप नाववाल्या बाईच्या माथी. अमेरिकेच्या टोकाला त्याचा साथीदार खोकं पर्णिकाकडे पोचण्याआधीच डबा काढून घेणार होता. पण संध्याकाकूंनी एक दिवस विचारलं असतं, डबा कुठाय रे? म्हणून त्याने तसाच नवा डबा विकत आणला. तो रिकामा द्यायला मात्र हात धजेना.

"वाईट वागायचं ठरवलं होतंस, तर पुरतं वागायचं होतंस," छायाताई म्हणाल्या. "संस्कारांनी घात केला."

"याला पुरावा म्हणत नाहीत," सुजीत म्हणाला.

"मग लाडवांची प्लास्टिकची बरणी कुठे गेली?"

हिबाबाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, दोन शब्द बोलल्या आणि ठेवला. इंटरनॅशनल सिटी वस्तीतल्या सुजीतच्या खोलीची झडती झाली होती. पलंगाच्या पोकळीत तसलेच आणखी तुकडे सापडले, आणि स्वयंपाकाच्या फळीवर निळ्या झाकणाची बरणी, स्वच्छ धुतलेली, तूरडाळ भरलेली. आतल्या कडेला बेसन चिकटलेलं.

"माझीच," संध्याबाई म्हणाल्या.

चांगली बरणी सुजीतला टाकवली नव्हती. तो मान खाली घालून बसला. हिबाबाईंनी दोन्ही पासपोर्ट काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, "खलास."

संध्याबाईंनी डोळे पुसले आणि आधी पर्णिकाला फोन लावला. मग अर्सलानला डबा उचलून दिला. तो धुऊन आणतो म्हणायला लागला, तसं त्याला गप्प केलं. "राहू दे तुझ्याकडेच. आणि कोणी विचारलं तर सांग, संध्या म्हणजे बहीण आहे माझी."

मेट्रोत सदानंदरावांच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांनी भरलेला डबा होता. फीपेक्षा त्यांचा जीव त्यातच अडकला होता. एक लाडू संपवून त्यांनी विचारलं, "परत देताना काय घालायचं यात? साखर नको बाई आता."

"ते मी बघते. तुम्ही फक्त डबा बदलू नका."

सदानंदरावांनी अंगठा फिरवून ठिपके चाचपले, नाव जागेवर असल्याची खात्री केली, आणि दुसरा लाडू घेतला.