तारेचा वाफा

इंद्रायणी वांग्याच्या वाफ्यात वाकली होती. कुंपणापलीकडून कुणीतरी विचारलं, "ही तार कुणी लावली?"

तिनं वर पाहिलं. परतीच्या पावसानं भिजलेला सदरा, हातात पक्कड... अंकुशनगरच्या साखर कारखान्यात नुकताच लागलेला वायरमन, राधाकिसन. शेजारच्या झुंबरबाईंनी कारखान्यात तक्रार केली होती — पोरीनं बांबूला तांब्याची तार गुंडाळली, कारखान्याच्या कॉलनीवर वीज पाडणार.

"मी लावली. मंग?"

"काढायला आल्तो."

१९९२ साल होतं. इंद्रायणी अंबडच्या कॉलेजात बी. एस्सी.ला होती. हवेत नेहमी थोडी वीज असते, ती तारेतून मातीत उतरली तर रोपं जोमानं वाढतात, असं तिनं मासिकात वाचलं होतं. खरं-खोटं तिला स्वतः बघायचं होतं. एका वाफ्यात तार, दुसरा तसाच. पाणी आणि खत दोन्हींना सारखं. हे तिनं इतक्या ठामपणे सांगितलं की पक्कड खिशात गेली. पण आभाळ गडगडताना उंच तार नको, यावर तोही अडून बसला. ते तिला पटलं. पावसाळी दिवस सरेपर्यंत बांबू आडवा ठेवायचं ठरलं. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं... अन् तिला हसू आलं.

दिवाळीनंतर बांबू उभा करायला तोच आला. मग ड्यूटी सुटली की रोज कुंपणाशी थांबू लागला.

"तुम्ही तार कमी अन् मलाच जास्त बघून राह्यलात," ती एकदा म्हणाली. तो लाजला, पण दुसऱ्या दिवशी आलाच.

हळूहळू तारेचा वाफा पुढे गेला. पानं रुंद, फुलंही आधी. तिचे वडील आबाराव येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवू लागले. कॉलेजात प्रयोग मांडायचं ठरलं. फक्त एक गोष्ट तिला खटकत होती — तेवढ्याच वाफ्याची माती सकाळी ओली कशी?

एकदा ती उजाडायच्या आधीच मागच्या ओट्यावर येऊन बसली. थोड्या वेळानं राधाकिसन बादली घेऊन आला आणि तारेच्या वाफ्यात शेणाचं पाणी ओतू लागला.

"बादली खाली ठेवा," ती म्हणाली.

तो दचकला. "तुमचं खरं व्हावं, असं वाटलं..."

"मला खरं काय ते कळायचं होतं."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. त्याच दिवशी तिनं कॉलेजात प्रयोग बिघडल्याचं सांगून टाकलं. संध्याकाळी राधाकिसन पुढच्या दारानं आला, आबारावांसमोर बसला आणि काहीही न लपवता सगळं बोलला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, पुन्हा लावा, वाफे मी खणून देतो.

"पण पाण्याला हात लावायचा न्हाई," तिनं बजावलं.

"मंग येऊ कशाला?"

"मला बघायला..." ती म्हणाली. तो हसला.

उन्हाळ्यात दोन्ही वाफे सारखेच वाढले. तारेनं काडीचाही फरक पडला नव्हता. इंद्रायणीनं ते वर्गात ताठ मानेनं सांगितलं. घरी येऊन तार सोडवू लागली तेव्हा राधाकिसननं बांबू धरला होता.

"आता काय सांगून येऊ?" त्यानं हळूच विचारलं. "मला तर... रोज यायचंय."

तार गुंडाळता गुंडाळता तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"एकटे येऊ नका. आता आईला घेऊन या."