आधी लिहिलेलं वाक्य

सन २०६१. दाबलेखवाचक नावाच्या यंत्राखाली एक जुनी वही उघडी ठेवलेली होती. पानं कोरी होती.

"यात काय वाचणार तुम्ही, डॉक्टर?" वैजयंती खोब्रागडे यांनी विचारलं. त्या विधिमंडळाच्या ग्रंथालयात जुन्या कायद्यांच्या जन्मकथा शोधण्याचं काम करत. गावतळ्यांचा २००४चा कायदा न्यायालयात अडकला होता. त्यातल्या 'वापरकर्ता' या शब्दाचा अर्थ फक्त जमीनधारक, असं तळी भाड्यानं घेणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं. तसं ठरलं, तर चाळीस गावांतल्या भूमिहीनांना तळ्यावर पाऊल टाकता येणार नव्हतं. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे संयुक्त समितीच्या शेवटच्या बैठकीवरून कळलं असतं. पण त्या बैठकीची पानं या वहीतून टंकलेखनासाठी फाडून दिली होती आणि पुढे ती गहाळ झाली होती. उरली होती ती खालची कोरी पानं.

"पेन्सिल वरच्या पानावर चालते, पण दाब खाली उतरतो," डॉ. फरीद मुजावर म्हणाले. "कागदाचे तंतू एकदा दबले की पूर्ववत होत नाहीत. नवी रेघ जुनीला छेदते, तिथे जुनीचे तंतू पुन्हा मोडतात. त्यावरून कोणतं आधी लिहिलं आणि कोणतं नंतर, ते कळतं."

पडद्यावर लघुलिपीच्या रेघा उमटल्या. त्या वाचायला निर्मला कर्डिले आल्या होत्या. वय एक्याऐंशी. त्या बैठकीतलं बोलणं टिपून घेणाऱ्या प्रतिवेदक त्याच होत्या.

"अध्यक्ष म्हणतायत," त्या वाचू लागल्या, "'वापरकर्ता म्हणजे तळ्याचं पाणी वापरणारा प्रत्येक जण, त्याची जमीन असो वा नसो.' पुढे... हात वर. एकमताने मंजूर."

वैजयंतींनी टाळीच वाजवली. "जिंकलो, निर्मलाताई!"

मुजावर मात्र पडद्याकडेच बघत होते. "हेच वाक्य इथे आणखी एकदा आहे. साध्या देवनागरीत, सावकाश, जोर देऊन लिहिलेलं. अध्यक्षांच्या वाक्याच्या रेघा त्याला छेदून गेल्यात. म्हणजे अध्यक्ष बोलले त्याच्या आधीच हे वहीत होतं."

वैजयंतींचा चेहरा उतरला. अध्यक्षांच्या तोंडचं वाक्य प्रतिवेदकाच्या वहीत आधीच असेल, तर सगळी नोंदच बनावट ठरवायला कंपनीचा वकील टपलेलाच होता.

"माझंच अक्षर आहे ते," निर्मलाताई म्हणाल्या. "तासभर वाद चालला होता. अध्यक्ष वैतागून म्हणाले, कुणीतरी हे साध्या भाषेत मांडा. चहाची सुट्टी झाली. माझी आई तळ्यावर लोकांचे कपडे धुवायची हो, वैजयंतीताई. आमच्याकडे वीतभर जमीन नव्हती. मी याच वहीच्या पानावर चिठ्ठी लिहिली, फाडली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली. प्रतिवेदकानं बैठकीत बोलायचं नसतं. म्हणून घरीसुद्धा कधी सांगितलं नाही."

"हे न्यायालयाला द्यायच्या अहवालात घातलं, तर खटला हातचा जाईल," वैजयंती म्हणाल्या. "आणि गाळलं तर..."

"गाळायचं नाही," निर्मलाताई ताठ बसल्या. "पस्तीस वर्षं लोकांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंय मी. माझ्यासाठी नोंद खोटी करू नका."

वैजयंतींनी अहवालात सगळं लिहिलं.

न्यायालयात कंपनीचा वकील अपेक्षेप्रमाणे उठलाच. "एका नोकरदार बाईचं वाक्य हा सभागृहाचा हेतू कसा?"

"वाक्य त्यांचं आहे," साक्षीला उभ्या असलेल्या वैजयंती म्हणाल्या. "पण ते ऐकून वर झालेले हात सदस्यांचे. चिठ्ठी आधी, वाचन नंतर, मतदान शेवटी. कागदावरचा क्रमच तसं सांगतो. चिठ्ठी नंतर घुसडली असती, तर तिच्या रेघा बाकीच्यांना छेदून गेल्या असत्या."

न्यायमूर्तींनी छेदांची छायाचित्रं बराच वेळ पाहिली. मग कायद्याचा अर्थ चाळीस गावांच्या बाजूने लावला.

"निकालात हे वाक्य उद्धृत करावं लागेल," न्यायमूर्ती म्हणाल्या. "कुणाच्या नावानं करू?"

मागच्या बाकावरून एक वृद्ध बाई काठी न घेता उभ्या राहिल्या.

"निर्मला रामचंद्र कर्डिले," त्या सावकाश, स्पष्ट म्हणाल्या. समोर नोंद घेणाऱ्या मुलीला ते नीट लिहिता यावं म्हणून.