पिन लावलेल्या चपला

हसा, हसा! त्या जुन्या मालिकेतलं भूत तुम्हा पोरांना फार आवडतं ना? काय ते भूत! पांढरी चादर, तिला दोन भोकं आणि मागून कुणीतरी सोडलेला धूर. आमच्या वेळी ते बघून कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. आणि तुम्ही मोबाइलवर शोधून शोधून बघता!

समोरच्या टीव्ही मेकॅनिकच्या घरी घडलंय हे. मागच्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. संध्याकाळी तो दुकानातून जुना डबा टीव्ही, व्हीसीआर आणि त्याच मालिकेची कॅसेट घेऊन आला. मला चौकशा करायची सवय नाही, पण जिन्यात भेटलाच.

"काका, आमची चिमी हे बघते आणि रात्रभर जागते. शाळेत बाकावर डुलक्या देते. आज तिची भीती काढतोच."

जेवणानंतर त्याने लेकीला शेजारी बसवलं. मी साखर मागायला म्हणून गेलो होतो, तो बसलोच. भूत चालायला लागलं आणि त्याने चित्र थांबवलं.

"चादरीखाली बघ. काय दिसतंय?"

"चपला!"

"रबरी. डावीचा पट्टा तुटलाय, पिन लावलीय. असल्या भिकारड्याला घाबरतेस? त्याला धड चप्पल नाही पायात!"

आम्ही पोट धरून हसलो. चिमीसुद्धा. आपली आपण खोलीत जाऊन झोपली. त्याने टीव्ही आणि व्हीसीआरच्या दोन्ही वायरी भिंतीतून काढल्या. वर धंद्याची सवय म्हणून टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमधला उरलासुरला करंटही काढून टाकला. मग त्या डब्यात काही उरत नाही.

दोन वाजून दहा मिनिटं. त्याला जाग आली. बाहेरच्या खोलीत उजेड... निळसर.

टीव्ही चालू. वायरी जमिनीवर. तेच थांबलेलं चित्र. तीच चादर. खाली...

अनवाणी पाय.

आणि घरात आवाज. फट... फट... चिमीच्या खोलीकडे.

आवाज थांबला.

तो धावला. चिमी गाढ झोपेत. खाटेखाली पाहिलं. कपाटात. पडद्यामागे. कुणी नाही.

पहाटे त्याने मला बोलावलं. चपला चिमीच्या खोलीच्या दाराबाहेर होत्या. आत जाताना आपण काढून ठेवतो तशा, जोडीने. डावीला पिन.

मी म्हटलं, "उचल आणि फेकून दे."

"नको काका," तो हळूच म्हणाला. "त्याला बाहेर पडताना लागतील."

वर्ष होत आलं. चिमी छान झोपते.

चपला अजून दाराबाहेरच आहेत.